ढगांतून उतरतांना

श्रोतेहो, मुळशी तालुक्यांत ज्यानें एक पावसाळा काढला आहे त्याला ढग म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. आषाढ लागला कीं ताम्हिणीकडून ढगांचे लोट येतात, डोंगरांच्या सोंडा एकामागून एक पुसल्या जातात, आणि धरणाचें पाणी कोठें संपलें व आभाळ कोठें लागलें तें कळेनासें होतें. शाळेंत जाण्यासाठीं ही वाट मीं तीस वर्षें तुडविली. पायाखालची वाट ओळखीची असूनहि दाट धुक्यांत मी दोन वेळां चुकलों. एकदां तर शाळेकडे जात आहें अशा समजुतीनें घराकडेच परत आलों. मुलें त्या दिवशीं फार हंसलीं. पायीं चालणाऱ्याच्या चुकीवर हंसतां येतें, कारण चुकलेला मनुष्य थांबूं शकतो, बांधावर बसूं शकतो, एखाद्या गुराख्याला हांक मारूं शकतो. विमानाला थांबतां येत नाहीं. तें ढगांत शिरलें म्हणजे आंतील मनुष्याचें काय होतें, बाहेरचें कांहीं दिसत नसतांना तो धांवपट्टीवर नेमका कसा येतो, आणि उतरतां येण्यासारखें नसेल तर त्यानें काय करावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

हा विषय मला सुचला तो एका माउलीच्या प्रश्नावरून. आमच्या गांवचा एक मुलगा, माझ्याच हाताखालीं शिकलेला, अमेरिकेंत नोकरीला आहे. तेथें हौसेनें त्यानें खाजगी वैमानिकाचा परवाना मिळविला, आणि ढगांतून केवळ यंत्रांच्या आधारें विमान चालविण्याची जी वेगळी परीक्षा असते तीहि तो उत्तीर्ण झाला. गेल्या वर्षीं त्याची आई त्याच्याकडे चार महिने राहून आली. त्या मुक्कामांत त्यानें तिला शेजारीं बसवून आपल्या छोट्या विमानांतून एका स्नेह्याच्या गांवीं नेलें. परत आल्यावर ती मला भेटावयास आली. ख्यालीखुशाली झाली, चहा झाला, आणि मग आवाज खालीं आणून ती म्हणाली, "गुरुजी, एक विचारू का? पोरगं ढगातनं उतरायला लागलं. खाली खाली गेलं. आता जमीन लागणार म्हणून मी डोळं मिटलं, तर यानं इमान पुन्हा वर घेतलं अन् भलत्याच गावाला नेऊन उतरवलं. मला म्हणतो, काही नाही गं आई. पण मला वाटतंय, त्याला अजून जमत नसंल. ह्यो नापास तर झाला नाही ना?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. विमानविद्येंत माझा अधिकार नाहीं. तेव्हां तिच्याकडून मीं चार दिवसांची मुदत मागून घेतली, मुलाला दूरध्वनि करून सारी हकीकत समजून घेतली, आणि मिळालीं तीं पुस्तकें वाचलीं. त्यांतून जें उमगलें तें तिला सांगितलें; तेंच आज तुमच्यापुढें मांडतों.

पहिली गोष्ट ही कीं, ढगांत मनुष्याचा डोळा तर निकामी होतोच, पण त्याचें सबंध शरीर त्याच्याशीं खोटें बोलूं लागतें. आपण उभे आहों कीं कललों आहों, वळत आहों कीं सरळ चाललों आहों, हें सांगणारी एक लहानशी रचना निसर्गानें कानाच्या आंत, कवटीच्या हाडांत बसविली आहे. तेथें तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असून त्यांत एक द्रव असतो. डोकें फिरलें कीं नळी फिरते, द्रव क्षणभर मागें राहतो, आणि त्या फरकानें नळींतील सूक्ष्म केंस वांकून मेंदूस खबर देतात. याचा प्रयोग घरीं करून पाहण्यासारखा आहे. एका वाटींत पाणी घेऊन त्यावर तुळशीचें पान सोडा व वाटी हलकेच गोल फिरवूं लागा. आरंभीं वाटी फिरते आणि पान जागच्या जागीं राहतें. थोडा वेळ फिरवीत राहिलांत तर पाणीहि वाटीबरोबर फिरूं लागतें. मग वाटी व पान यांच्या गतींत फरक उरत नाहीं. आतां वाटी एकदम थांबवा. वाटी स्थिर झाली, पण पान फिरतेंच आहे! कानांतील द्रवाचें असेंच होतें. विमान एका अंगास सारखें वळत राहिलें तर दहा-वीस सेकंदांत वळण्याची जाणीव मावळते आणि आपण सरळ चाललों आहों असें वाटूं लागतें. वैमानिकानें तें खरोखरच सरळ केलें तर त्याला वाटतें, आपण उलट्या अंगास वळलों. आणि वळण जर अगदीं सावकाश सुरू झालें असेल, तर त्याची खबर मेंदूस मुळींच पोंचत नाहीं.

उघड्या हवेंत यामुळें कांहीं बिघडत नाहीं, कारण क्षितिज दिसत असतें आणि कानाची चूक डोळा सुधारतो. ढगांत क्षितिज नाहीं. विमान नकळत कलतें. कललें कीं तें वळूं लागतें व त्याचें नाक खालीं जातें. वेग वाढतो, वाऱ्याचा आवाज चढतो. वैमानिकाला एवढेंच कळतें कीं आपण खालीं चाललों आहों. तो दांडा आपल्याकडे ओढून नाक वर करूं पाहतो. परंतु विमान कललेलें असल्यामुळें या ओढण्यानें तें वर न जातां वळणच अधिक आवळलें जातें, आणि विमान गिरक्या घेत जमिनीकडे धांवतें. १९५४ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें वीस जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. यंत्रांवरून विमान चालविण्याचें शिक्षण नसलेल्या या मंडळींना, शेजारीं जाणता शिक्षक बसवून, बाहेरचें कांहीं दिसणार नाहीं अशा स्थितींत विमान हातीं दिलें होतें. विसांपैकीं एकालाहि तें सांवरतां आलें नाहीं. कोणाचा ताबा वीस सेकंदांत सुटला, कोणाचा आठ मिनिटांत. सरासरी भरली १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटेंहि पुरीं नाहींत. एवढ्या वेळांत आपल्या घरीं चहाच्या आधणाला उकळी येत नाहीं.

हीं सेकंदें नुसत्या प्रयोगांतलीं नव्हेत. १६ जुलै १९९९ च्या रात्रीं अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन हे पत्नी व मेहुणी यांना घेऊन, स्वतःचें लहान विमान चालवीत, समुद्रकांठच्या एका बेटाकडे निघाले. परवाना मिळून त्यांना सव्वा वर्ष झालें होतें. यंत्रांवरून उडण्याची परीक्षा मात्र अजून व्हावयाची होती. वादळ नव्हतें, समुद्रावर धुरकटपणा होता आणि रात्र काळोखी होती, एवढेंच. पाणी व आभाळ यांमधील रेघ दिसेनाशी झाली. विमान समुद्रांत कोसळलें आणि तिघेंहि गेलीं. चौकशीअंतीं ठरलें तें हेंच कीं, काळोखांत व धुरकटांत वैमानिकास भ्रम होऊन विमानावरील त्यांचा ताबा सुटला.

यावर उपाय एकच. शरीर जें सांगतें तें ऐकावयाचें नाहीं. समोरचें यंत्र जें सांगतें तेंच प्रमाण मानावयाचें. असें करतां येतें हें प्रथम दाखवून दिलें जेम्स डूलिटल या अमेरिकन वैमानिकानें. २४ सप्टेंबर १९२९ रोजीं न्यूयॉर्कजवळ, आपल्या बैठकीवर आच्छादन घालून घेऊन, बाहेरचें कांहींएक न पाहतां त्यानें विमान उडविलें, फिरविलें आणि उतरविलें. पुढच्या बैठकींत खबरदारी म्हणून दुसरा वैमानिक होता. परंतु त्याला विमानास हात लावावा लागला नाहीं.

डूलिटलपुढें जीं यंत्रें होतीं त्यांचींच सुधारलेलीं रूपें आजहि विमानांत असतात. त्यांतील दोन मुख्य. पहिलें कृत्रिम क्षितिजाचें. वेगानें फिरणारा भोंवरा सहजासहजीं कलत नाहीं, हें कोणाहि पोराला ठाऊक असतें. असाच एक भोंवरा पेटींत फिरत ठेवला, तर विमान कितीहि कललें तरी तो आपला आंस सोडीत नाहीं, आणि त्याला जोडलेली रेघ वैमानिकाला क्षितिज दाखवीत राहते. आजच्या विमानांत भोंवऱ्याचें काम बहुधा विजेवर चालणारे सूक्ष्म मापक करतात. रेघ मात्र तीच आहे. दुसरें यंत्र उंचीचें. हें वस्तुतः हवेचा दाब मोजणारें यंत्र होय. जसजसें वर जावें तसतसा दाब उतरतो. खालच्या थरांत सुमारें तीस फुटांस एक मिलिबार या मानानें. पण जमिनीवरचा दाब रोज सारखा नसतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यांत तो हिंवाळ्यापेक्षां कमीच असतो. यंत्र जुन्या दाबावर जुळविलेलें राहिलें आणि दरम्यान दाब दहा मिलिबारांनीं उतरला, तर तें खऱ्या उंचीपेक्षां तीनशें फूट अधिक दाखवील. मी कड्याच्या तीनशें फूट वर आहें असें समजणारा मनुष्य प्रत्यक्षांत कड्याच्या पातळीला असेल! म्हणून उतरण्यापूर्वीं विमानतळावरचा त्या घटकेचा दाब बिनतारी संदेशानें विचारून घेतात व यंत्र जुळवून घेतात.

यांखेरीज वेगाचें, दिशेचें, वळणाचें आणि चढ-उताराच्या गतीचें अशीं आणखी चार यंत्रें असतात. तीं सर्व नजरेखालीं ठेवावीं लागतात. तीन शेगड्यांवर तीन भांडीं चढविलेली गृहिणी एकाच पातेल्याकडे टक लावून बसली तर दुसऱ्यांतील दूध उतूं जातें. वैमानिकाचें तसेंच आहे. त्याची नजर सारखी फिरती राहिली पाहिजे, व दर फेरीला कृत्रिम क्षितिजाकडे परत आली पाहिजे. त्या मुलाला या परीक्षेसाठीं निदान चाळीस तास यंत्रांवरूनच विमान चालवावें लागलें. शिकतांना घाण्याच्या बैलाला लावतात तशी झांपड त्याच्या डोळ्यांवर असे. फक्त यंत्रांची फळी दिसावी, बाहेरचें आकाश दिसूं नये. तो म्हणाला, "गुरुजी, सर्वांत कठीण काय वाटलं सांगू? मन म्हणतं उजवीकडे कललास, यंत्र म्हणतं सरळ आहेस. तेव्हां मनाला गप्प बसवणं."

आतां उतरण्याकडे वळूं. ढगांत सरळ उडत राहणें निराळें, आणि कांहीं न दिसतां शे-दीडशें फूट रुंदीच्या पट्टीवर येऊन टेकणें निराळें. यासाठीं धांवपट्टीच्या पलीकडच्या टोकाला एक बिनतारी यंत्र बसविलेलें असतें. तें येणाऱ्या विमानाच्या दिशेनें लहरींचे दोन झोत सोडतें. विमानाच्या डाव्या अंगाच्या झोतावर सेकंदास ९० कंपनांचा सूर चढविलेला असतो, उजव्या अंगाच्या झोतावर १५० कंपनांचा. काळोखांत तुम्ही एका बांधावरून चाललां आहां, डाव्या शेतांत एक गडी आणि उजव्या शेतांत दुसरा गडी निरनिराळ्या सुरांत हेल काढीत आहे, अशी कल्पना करा. दोघांचे आवाज सारखे ऐकूं येतात तोंवर तुम्ही बांधाच्या मधोमध. एकाचा आवाज वरचढ झाला कीं तुम्ही त्या अंगास सरकलां. विमानांतील यंत्र ही तुलना अखंड करीत असतें, आणि तिचा निकाल एका उभ्या कांट्यानें दाखवितें. लहरींची अशीच दुसरी जोडी वर-खालीं योजलेली असते. तिचा निकाल आडव्या कांट्यावर उमटतो, आणि त्यावरून उताराची वाट कळते. हा उतार बहुधा तीन अंशांचा, म्हणजे एकोणीस पावलें पुढें गेल्यास एक पाऊल खालीं, असा सौम्य असतो.

दोन्ही कांटे मधोमध जुळवून ठेवीत खालीं यावयाचें, एवढेंच काम. पण पट्टी जवळ येते तसतसे हे झोत अरुंद होत जातात. दूर असतांना जें सरकणें कांट्याला केंसभर हलवीत होतें, तेंच आतां कांट्याला कडेला नेतें. नवा वैमानिक येथें बावरतो, कांट्याच्या मागें धांवूं लागतो, आणि विमान नागमोडी जाऊं लागतें. सरावलेला वैमानिक फार थोडें हालवितो व परिणामाची वाट पाहतो.

परंतु या साऱ्या व्यवस्थेला एक मर्यादा ठरवून दिलेली आहे, आणि या विद्येचें मर्म तेथेंच आहे असें मला वाटतें. नेहमींच्या प्रतीच्या व्यवस्थेंत जमिनीपासून दोनशें फुटांपर्यंत यंत्रांवर विश्वासून खालीं यावयाचें. या पातळीला निर्णयाची उंची म्हणतात. मोठ्या प्रवासी विमानांना विशेष यंत्रणा व विशेष शिक्षण यांच्या जोरावर याहूनहि खालीं येतां येतें. खाजगी वैमानिकाला हीच हद्द. त्या उंचीवर धांवपट्टी किंवा तिच्या मार्गावरचे दिवे डोळ्यांनीं दिसले तर पुढें जावें. न दिसले तर त्याच क्षणीं यंत्राला पूर्ण शक्ति देऊन वर चढावें. तिसरा मार्ग नाहीं. "आणखी थोडें खालीं जाऊन पाहूं" हें वाक्य तेथें वर्ज्य आहे.

या मुलाचें विमान त्या वेळीं ताशीं ९० सागरी मैल, म्हणजे सुमारें १६५ किलोमीटर वेगानें चाललें होतें. या वेगानें दोनशें फुटांवरून चाकें टेकेपर्यंत अवघीं पंचवीस सेकंदें उरतात. निघतांना हवामानाचें भाकीत बरें होतें. ढगांचा तळ आठशें फुटांवर राहील असें सांगितलें होतें. तो प्रत्यक्षांत उतरत गेला. उतार सुरू करण्यापूर्वीं मुलानें, शिकविल्याप्रमाणें, परत चढावयाची वेळ आली तर काय काय करावयाचें तें ओळीनें मोठ्यानें म्हटलें: आधीं शक्ति, मग नाक वर, मग पंखांचे पडदे, मग दिशा, आणि बोलणें सर्वांत शेवटीं. आईला वाटलें, पोरगा स्तोत्र म्हणतो आहे. म्हणून तिनेंहि हात जोडले. पांचशें फूट, चारशें, तीनशें. कांटे मधोमध होते. त्याच्या हातून कांहींहि चुकलें नव्हतें. दोनशें फुटांवर त्यानें मान वर केली, तों समोर नुसता करडा रंग.

त्या क्षणीं त्याच्या मनांत काय आलें तें त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. पट्टी खालीं आहेच, यंत्र खोटें बोलत नाहीं, आणखी पन्नास फूट गेलों तर दिसेलच. शेजारीं आई आहे, तिकडे मित्र गाडी घेऊन उभा आहे, घरीं स्वयंपाक झाला आहे. परत फिरलों तर आईला वाटेल, याला येत नाहीं. "गुरुजी, हे सगळं एका श्वासात मनात आलं," तो म्हणाला, "आणि तेवढ्यात हातानं शक्तीचा दांडा पुढं ढकललासुद्धा होता." हाताला ही संवय लावून ठेवलेली असते ती याचसाठीं, कीं तेथें मनाला वादविवाद करावयास सवड राहूं नये.

वर चढतांनाहि शरीर पुन्हां एकदां फसवितें. शक्ति एकदम वाढली कीं विमान वेगानें पुढें झेपावतें व माणूस पाठीशीं रेटला जातो. कानांतील तोल सांगणाऱ्या दुसऱ्या एका रचनेला हा रेटा, नाक भलतेंच वर गेल्यासारखा भासतो. नवखा मनुष्य घाबरून नाक खालीं दाबतो, आणि चढावयाचें सोडून जमिनीकडे जातो. अशा रीतीनें सुस्थितींतील विमानें जमिनीवर गेल्याचीं उदाहरणें पुस्तकांतून आहेत. या मुलानें डोळे कृत्रिम क्षितिजावर ठेवले, विमान नेमलेल्या उंचीवर नेलें, मग शांतपणें बिनतारी यंत्रावर कळविलें, आणि जेथें ढग उंच होते अशा दुसऱ्या गांवीं जाऊन उतरला. तें गांव त्यानें आयत्या वेळीं शोधलें नव्हतें. निघण्यापूर्वींच तें नेमून ठेवलेलें होतें. तेथील नियमच असा आहे कीं, हवा वाईट असण्याचा संभव असेल तर इच्छित स्थळापर्यंत, तेथून नेमलेल्या दुसऱ्या स्थळापर्यंत, आणि त्यावर आणखी पंचेचाळीस मिनिटें पुरेल इतकें इंधन बरोबर असल्याशिवाय निघूं नये. परतीची शिदोरी जवळ असली म्हणजे परत फिरण्याचें धैर्य येतें.

कोणी म्हणेल, ही परक्या मुलखाची गोष्ट. आपल्याला तिचें काय? पण आपल्या डोंगरांत तर ही शिस्त अधिकच महत्त्वाची आहे. लोहगांवची धांवपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारें १,९४० फुटांवर आहे, आणि तिच्या नैर्ऋत्येस सिंहगड सुमारें ४,३०० फुटांवर व तोरणा सुमारें ४,६०० फुटांवर उभा आहे. पावसाळ्यांत हे माथे ढगांत बुडालेले असतात. म्हणून उतरण्याच्या नकाशावर पंचवीस सागरी मैलांच्या परिघासाठीं एक किमान उंची छापलेली असते. त्या टापूंतील सर्वांत उंच अडथळ्याच्याहि निदान एक हजार फूट वर ती धरलेली असते. आपण नेमके कोठें आहों याची खात्री होऊन उतरण्याच्या वाटेला लागेपर्यंत तिच्या खालीं यावयाचें नाहीं.

हा नियम किती महागांत पडला आहे, याची साक्ष आपल्याच जिल्ह्यांत आहे. ७ जुलै १९६२ रोजीं, मध्यरात्र नुकतीच उलटली असतांना, इटलीच्या आलितालिया कंपनीचें मोठें जेट विमान बँकॉकहून मुंबईस येत होतें. चालविणारे नवखे नव्हते. परंतु ढगाळ काळोखांत स्थानाचा हिशेब चुकला, आणि आपण मुंबईच्या जवळ आलों अशा समजुतीनें विमान वेळेपूर्वींच खालीं उतरूं लागलें. जुन्नरजवळच्या डोंगरावर तें आदळलें. आंतील सर्व ९४ माणसें गेलीं. चौकशींत दिशाज्ञानाची चूक हें कारण ठरलें, आणि किमान उंचीचें उल्लंघन झालें हेंहि नमूद झालें. त्यापूर्वीं, १२ जुलै १९४९ रोजीं, डच के. एल. एम्. कंपनीचें विमान पावसांत व खालीं आलेल्या ढगांत मुंबईस उतरूं पाहत असतांना घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ माणसें मृत्यु पावलीं होतीं. दोन्ही घटना जुलैंतल्या, दोन्ही विमानें चालतीं-बोलतीं, आणि दोन्हीं वेळां ढगाआड डोंगर.

आमच्या तालुक्यालाहि २०२४ सालीं दोन धक्के बसले. २४ ऑगस्टला जुहूहून हैदराबादेकडे निघालेलें हेलिकॉप्टर पावसाळी हवेंत पौडजवळ कोसळलें; सुदैवानें आंतील चौघेहि वांचले. पुढें २ ऑक्टोबरला सकाळच्या धुक्यांत बावधनजवळ उड्डाणानंतर थोड्याच वेळांत दुसरें हेलिकॉप्टर पडलें, आणि तिघांचा अंत झाला. या दोहोंच्या कारणांविषयीं निवाडा देणें माझें काम नव्हे. परंतु ज्या डोंगरांकडे आपण पावसाळी सहलीला हौसेनें जातों, तेच डोंगर आकाशांतून येणाऱ्याला कसे असतात, याची जाणीव त्या दिवसांपासून आम्हां गांवकऱ्यांना झाली आहे.

हवेपुढें नमतें घेणें हें भ्याडपणाचें लक्षण नव्हे, हें आपल्या देशांतील विमानविद्येच्या आद्य पुरुषांनीं आरंभींच ओळखलें होतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस टपालाचें विमान आणून जुहूस उतरविलें. पण पावसाळ्यांत जुहूच्या मैदानांत पाणी शिरे. तेव्हां टाटांची मंडळी पावसाळ्यापुरता सगळा संसार, विमानें, वैमानिक आणि मिस्त्री यांसह, पुण्यास हालवीत व येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानाचा विमानतळ करीत. सह्याद्रीच्या आडोशामुळें पुण्यास पाऊस थोडा, याचा त्यांनीं उपयोग करून घेतला. ज्यानें देशाला उडावयास शिकविलें त्यानेंच, कोठें व केव्हां उतरूं नये, हेंहि शिकविलें.

आतां यंत्रें पुष्कळ सुधारलीं आहेत. आपल्या देशाची 'गगन' नांवाची उपग्रह-योजना आहे. तिच्या आधारानें, धांवपट्टीजवळ लहरी सोडणारीं यंत्रें नसलीं तरी, विमानाला उताराची वाट सांपडूं शकते. एप्रिल २०२२ मध्यें राजस्थानांतील किशनगड येथें एक विमान याप्रमाणें उतरविण्यांत आलें. ही प्रगति स्वागतार्ह आहे. पण वाट जमिनीवरून दाखविली काय कीं उपग्रहावरून दाखविली काय, वाटेच्या शेवटीं ती ठराविक उंची आहेच, आणि तेथें पट्टी दिसली नाहीं तर परत फिरणें हें माणसालाच ठरवावें लागतें.

चौथ्या दिवशीं मीं त्या माउलीला हें सारें, वाटीतल्या तुळशीच्या पानासकट, समजावून सांगितलें. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटीं मीं म्हणालों, "वहिनी, शाळेंत मीं ज्याला उत्तर येत नसे त्याला नापास करीत असें. इथं ज्याला खालीं कांहीं दिसत नसून दिसल्यासारखं वागतो, तो नापास. तुमच्या पोरानं दिसत नाहीं म्हणून दिसत नाहीं असं म्हटलं, आणि शेजारीं आई असतांना म्हटलं. तो पहिल्या नंबरानं पास झाला." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पदरानें डोळे टिपीत म्हणाली, "तरी मी त्याला म्हटलंच हुतं, उतरलास का न्हाईस म्हणून. आज फोनवर सांगते त्याला, बरं केलंस." आणि वाटींतलें पाणी तुळशीला घालून ती घरीं गेली.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांना पावसाळ्यांत विमानानें पुण्यास किंवा मुंबईस यावें लागतें. अशा वेळीं कधींकधीं चाकें टेकणार तोंच विमान गर्जना करीत वर चढतें, घिरट्या घालतें, किंवा आपल्याला हैदराबादेस वा अहमदाबादेस नेऊन ठेवतें. तेव्हां वेळ जातो, घरचीं माणसें ताटकळतात, लग्नाचा मुहूर्तहि चुकतो. प्रवासी चिडतात, व वैमानिकाला नांवें ठेवतात. पुढच्या वेळीं असें झालें तर एवढेंच आठवावें कीं, पुढच्या बैठकीवर बसलेल्या मनुष्यानें त्या पंचवीस सेकंदांच्या आधीं मान वर करून पाहिलें, त्याला करडा रंग दिसला, आणि आपल्या सर्वांच्या घाईला त्यानें नकार दिला. उशिरा घरीं पोंचल्यावर त्याला मनांतल्या मनांत एक नमस्कार करावा.